जमिनीतला गारवा आणि गुसेव्ह साहेबाची पेटी

मंडळी, त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात अख्ख्या भिलाईत एकच घर थंड असणार होतं, आणि ते माझं! बर्फ नाही, वाळ्याच्या ताट्या नाहीत, पाण्याची शिंपडाशिंपड नाही. जमिनीच्या पोटातला गारवा नळीनं ओढायचा आणि खोलीत सोडायचा, बस्स! ही गोष्ट मी ड्रॉइंग ऑफिसात सांगितली, कँटीनमध्ये सांगितली, न्हाव्याच्या खुर्चीत बसून शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही सांगितली. त्याच्या गळ्यावर वस्तरा होता, त्यामुळे त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मी जानराव. पोलाद कारखान्यात ट्रेसर. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेबानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो नकाशा शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. मग त्या कागदावरून निळे प्रिंट निघतात आणि त्या प्रिंटावरून कारखाना उभा राहतो. सहा वर्षांत माझी एक रेघ वाकडी गेली नव्हती. तेवढाच माझा अभिमान होता, आणि तोच पुढे पार धुळीला मिळाला.

आता घर थंड करण्याचं एवढं वेड मला का लागलं, ते सांगतो. कारण माझे बाबा.

बाबांचं नाव धोंडबा. तुमसरजवळच्या आमच्या गावात एकटेच राहायचे. आई गेल्यापासून त्या घरात ते, एक शेळी आणि एक फोटो. फोटो तथागतांचा. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले, तेव्हा तिथून आणलेला. बासष्टच्या मे महिन्यात मी त्यांना कायमचं म्हणून सेक्टर दहातल्या माझ्या क्वार्टरवर आणलं. आल्या आल्या त्यांनी फोटो खिळ्याला लावला. मला वाटलं, जिंकलो! चौथ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन पाहतो तर खिळा रिकामा, फोटो पिशवीत आणि बाबा दारात.

"जान्या, मले गाडीत बसवून दे."

"कावून बाबा? काय झालं?"

"काई नाई. लय गरम होते इथी."

मी त्यांना दुर्गला नेऊन गाडीत बसवलं आणि परत येताना सायकलवर रडलो. रडलो म्हणजे खरंच रडलो, यात विनोद काही नाही. सत्तरीचा म्हातारा, एकटा चूल पेटवतो, आणि पोटचं पोरगं सरकारी छपराखाली पंख्याच्या वाऱ्यात झोपतं! वर्षभर ते माझ्या मनाला टोचत होतं.

त्रेसष्टच्या बुद्धजयंतीला यायला बाबा कसेबसे कबूल झाले. पोस्टकार्डावर दोनच ओळी होत्या. 'येतो. घर थंडं असन त राहीन.' झालं! माझ्यासाठी तो कायदाच होता.

आणि नेमका त्याच वेळी मला गुसेव्ह साहेब भेटला.

गुसेव्ह साहेब म्हणजे रशियन इंजिनियर. गोरापान, टमाट्यासारख्या गालांचा. एप्रिलअखेर त्याची मुदत संपून तो घरी निघाला होता. त्याचे नकाशे मीच उतरवायचो आणि माझ्या बायकोच्या, रुक्माच्या हातचं कैरीचं लोणचं त्याला पोचवायचो, म्हणून त्याचा माझ्यावर जीव. एके दिवशी त्यानं मला बंगल्यावर बोलावलं. सोबत हिरालाल होता. हिरालाल दुर्गचा. कारखान्याच्या रशियन भाषेच्या वर्गात जायचा आणि त्या जोरावर स्वतःला दुभाष्या म्हणवून घ्यायचा.

व्हरांड्यात एक लोखंडी पेटी होती. आत फ्रिजचा पंप, तांब्याच्या नळ्या, आणि बाहेर चार तोंडं. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पेटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी. साहेब बराच वेळ बोलला. हिरालालनं त्याचा सारांश सांगितला.

"साहब बोल रहे हैं, ऊपर कितनी भी ठंडी-गरमी हो, ज़मीन के नीचे मौसम नहीं बदलता. छह-सात फुट नीचे हमेशा एक जैसा. इनके गाँव में सब कुछ बरफ, फिर भी नीचे की मिट्टी गुनगुनी. ये मशीन नीचे से गरमी उठाती है, घर में डालती है."

"पण हिरालाल, मले गर्मी नाई पाह्यजे! गर्मी आहे माह्याकडे! वाटायले आहे!"

हिरालालनं ते साहेबाला सांगितलं. साहेब हसला, आणि त्यानं असा दाखला दिला की मी त्याच्या पायाच पडणार होतो. तो म्हणाला, ही पेटी गर्मी तयार करत नाही आणि थंडीही तयार करत नाही. ही नुसती हमाल आहे! दुर्ग स्टेशनवरचा हमाल काय ट्रंका बनवतो? तो इथली ट्रंक तिथे नेऊन ठेवतो. थंडीत जमिनीतली गर्मी उचलून घरात, आणि उन्हाळ्यात नळ्या बदलल्या की घरातली गर्मी उचलून जमिनीत. त्याच्या नकाशात दोन्ही जोडण्या होत्या. पहिल्या पानावर हिवाळा, दुसऱ्या पानावर उन्हाळा.

"आणि हे परवडतं का, विचार," मी म्हणालो. मी काही अगदीच बावळट नाही!

हिरालालनं विचारलं. साहेबानं खांदे उडवले. "बोल रहे हैं, बिजली कम खाती है. जितनी बिजली, उससे तीन गुना काम. लेकिन खुदाई भारी पड़ती है. जो आदमी एक ही घर में बीस साल रहे, उसको फायदा. मैं तो चला, तू ले जा."

मी तर रिटायर होईपर्यंत तिथेच राहणार होतो. पेटी मी हातगाडीवर घालून घरी आणली. नकाशे मात्र साहेब सोबत नेणार होता, म्हणून एका दुपारीत मी दुसरं पान, उन्हाळ्याचं, पारदर्शक कागदावर उतरवून घेतलं आणि प्रिंटरूममध्ये स्वतःच्या हातानं प्रिंट काढला. साहेब गेला, नकाशे गेले. राहिला माझा निळा प्रिंट.

तो मी भिंतीवर चिकटवला. रुक्मानं पाहिला आणि म्हणाली, "हे अक्षरं उलटेच दिसून राहिले जी."

"रशियन आहे ते! त्यांची अक्षरं तशीच असतात. आर उलटा, एन उलटा!"

"हिरालाल भाऊजीले दाखवा तरी."

हिरालालला दाखवला. त्यानं मान तिरपी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "ये टेक्निकल रशियन है. ये वर्ग में नहीं सिखाते." पण चित्र तर स्पष्ट होतं! डावीकडे खड्डा, उजवीकडे घर. म्हणजे पेटीची डावी तोंडं जमिनीला, उजवी तोंडं खोलीला. अक्षरांची गरजच काय?

आता खड्डा. मागच्या अंगणात सहा फूट खोल, आठ फूट लांब, पाच फूट रुंद. मी आणि शेजारचा भाऊराव, दोघांनी पाच दिवस खणला. भाऊराव क्रेन चालवायचा. खड्डा कशासाठी हे त्याला तीनदा सांगूनही समजलं नव्हतं, पण तो म्हणायचा, "तू खोदून राहिला न, मंग मीबी खोदतो. इचार सवडीनं करू." असा शेजारी भाग्यानंच मिळतो.

पण सेक्टरमध्ये कुणी खड्डा खणला की तो एकट्याचा राहत नाही! पहिल्या दिवशी विहीर खणतोय अशी बातमी उठली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे चार बाया बादल्या घेऊन कुंपणाशी हजर. तिसऱ्या दिवशी कळलं की रशियन साहेबानं जाता जाता मला तेलाची जागा दाखवली आहे. चौथ्या दिवशी खुर्सीपारच्या वस्तीतून एक माणूस फक्त खड्डा पाहायला आला, खड्ड्यात एक नाणं टाकलं, नमस्कार केला आणि गेला. कशाला नमस्कार केला, हे त्यालाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"गुन्हा नाई न हा?" रुक्मा म्हणाली. "क्वार्टर सरकारचा. अंगणबी सरकारचं."

"अंगण वरून सरकारचं. सहा फूट खाली कोण येतं पाहायला!"

खड्ड्याच्या तळाशी नळीची वेटोळी अंथरली, खोलीत भिंतीशी तशीच वेटोळी बसवून तिच्यामागे टेबलफॅन ठेवला, पेटी अंगणात ताडपत्रीखाली ठेवली आणि नळ्यांत पाणी भरलं. खड्डा लगेच बुजवायचा नव्हता. नळी गळते की काय हे आधी आठ दिवस पाहायचं होतं. म्हणून वर बांबू, बांबूंवर ओली पोती, आणि उतरायला शिडी ठेवली. बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पेटी घरघरली! भाऊरावनं टाळ्या वाजवल्या. मी दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि बाबांना आणायला दुर्गला गेलो.

टांग्यातून येताना मी बाबांना सगळं समजावलं. हमाल, ट्रंक, जमीन. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हमालाले सांगतलं कोणी, सामान कोण्या गाडीत ठेवाचं थे?"

"नकाशात आहे न बाबा!"

घरी आलो. दार उघडलं. आणि मंडळी, आतून जो वारा आला, तो कारखान्यातल्या कोळसा भाजायच्या कोक ओव्हनचं झाकण उघडल्यावर येतो तसा! रुक्मा ओसरीत पदरानं वारा घेत बसलेली. तोंड लाल.

"हे थंड होऊन राहिलं का जी?"

क्षणभर मीही गडबडलो. पण मी ट्रेसर! सहा वर्षांत रेघ वाकडी नाही! लगेच माझ्या लक्षात आलं. "अगं, बरोबर आहे! भिंतीत, छपरात, पलंगात इतक्या वर्षांची गर्मी मुरलेली आहे. यंत्र ती ओढून बाहेर काढतंय. ताप उतरायच्या आधी चढतो की नाही? तसं!"

"माह्या मामाले असाच ताप चढला होता," भाऊराव म्हणाला. "मंग उतरलाच नाई थो."

बाबा खोलीत गेले. खिळ्याकडे पाहिलं. पिशवीतला फोटो अर्धा बाहेर काढला, कपाळावरचा घाम पुसला आणि फोटो पुन्हा आत ठेवला. "उद्या पाहू," म्हणाले.

त्या रात्री सगळे अंगणात झोपलो. मी सांगितलं, खोलीला एकटं सोडा, तिला घाम येऊ द्या.

सकाळी बुद्धजयंती. आमच्याकडे दहा वाजता वंदना, मग खिरीचं जेवण. पंचवीस-तीस माणसं पांढरे कपडे घालून येणार. रुक्मानं पाट मांडला, पांढरं कापड अंथरलं, आमच्या घरातली छोटी बुद्धमूर्ती ठेवली, बाबासाहेबांचा फोटो ठेवला, समोर सहा मेणबत्त्या उभ्या केल्या आणि फुलं आणायला गेली. परत येऊन पाहते तो मेणबत्त्या अजून पेटवल्याही नव्हत्या आणि सहाच्या सहा कमरेत वाकलेल्या! एक तर पार पाटाला डोकं टेकून.

"आमच्या आधी यांचीच वंदना झाली," बाबा म्हणाले.

रुक्मा हसली नाही. तिनं एक हात खोलीतल्या वेटोळ्यावर ठेवला आणि चटका बसल्यागत मागे घेतला. मग बाहेर गेली. ती बाहेर कशाला गेली, हे मी पाहायला हवं होतं. पण मी त्या वेळी लवकर आलेल्या दोघा-तिघा पाहुण्यांना ताप चढण्याचा आणि उतरण्याचा सिद्धांत समजावत होतो.

बाकीचे पाहुणेही आले, बसले, घामानं निथळले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मी खिडकी उघडू दिली नाही. "पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं! आता उतरतोच!" हिरालालही पांढरा सदरा घालून आला होता, तो सदरा अंगाला असा चिकटला की त्याच्या पाठीवरचा तीळ दिसू लागला. वंदना संपताच सगळी माणसं दारातून एकदम बाहेर पडली, शिफ्ट सुटल्यासारखी.

आणि मी वळून पाहतो तर बाबा नाहीत!

ओसरीत नाहीत. नळावर नाहीत. खिळा रिकामा. आणि कोपऱ्यातली पिशवी, जिच्यात फोटो होता ती, तीही नाही!

गेले! न सांगता गेले! गेल्या वर्षी निदान सांगून तरी गेले होते! मी रुक्मालाही काही न विचारता भाऊरावची सायकल घेतली आणि भर उन्हात दोन कोसांवरचं स्टेशन गाठलं. कोणती गाडी, कुठली गाडी, काही सुचत नव्हतं. फलाटावर प्रत्येक पांढऱ्या धोतरामागे धावलो. एका म्हाताऱ्याला तर "बाबा!" म्हणून मागून मिठीच मारली. तो रायपूरचा व्यापारी निघाला, त्याला वाटलं खिसा कापला! त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. नागपूरकडची गाडी नुकतीच सुटली होती. मी तिच्या शेवटच्या डब्याकडे पाहत उभा राहिलो आणि मनात म्हणालो, जान्या, सहा वर्षं रेघा मारल्यास, पण बापाला एक थंड खोली देता आली नाही.

घरी आलो तो अंगणात सामसूम. तीस माणसं गायब! ताटं गायब! खिरीचं पातेलं गायब! आणि जमिनीतून हसण्याचा आवाज.

होय, जमिनीतून!

पोतं उचलून खाली पाहिलं. खड्ड्यात दाटीवाटीनं दहा-बारा माणसं बसलेली. मध्ये खिरीचं पातेलं. भाऊराव दुसऱ्यांदा वाढून घेत होता. आणि खड्ड्याच्या भिंतीला पाठ टेकून, मांडीवर पिशवी घेऊन, बाबा गोष्ट सांगत होते! बाकीची माणसं आपली पाळी येण्याची वाट पाहत कडुलिंबाखाली रांगेत बसली होती, ती मला आत्ता दिसली.

"बाबा! मी स्टेशनवर जाऊन आलो!"

"कावून? कोणी येनार होतं?"

"तुमी गेले असं वाटलं! पिशवी नाई, फोटो नाई..."

"अरे, त्या खोलीत फोटोचा कागद वाकडा होऊन राहिला होता. म्हून इथी घेऊन आलो. उतर खाली. भल्लं थंडं आहे."

मी उतरलो. आणि खरंच! वर लूचा गरम वारा वाहत होता आणि खाली माठाजवळ बसल्यासारखा गारवा. दोन मिनिटांत घाम सुकला. मला काहीच समजेना. गारवा खोलीत यायचा होता, तो खड्ड्यात कसा? मी तसाच वर चढून खोलीत गेलो, तर खोलीही सकाळसारखी भट्टी नव्हती! सेक्टरमधल्या इतर कुठल्याही खोलीइतकीच गरम होती.

म्हणजे खोलीचा ताप उतरला! सिद्धांत खरा ठरला! पण मग गर्मी खड्ड्यात जायला हवी, आणि खड्डा तर थंड! मग गर्मी गेली कुठं? मी ओसरीत बसून बोटं मोजत हिशेब करू लागलो. खोलीतून निघाली, खड्ड्यात पोचली नाही. मध्ये नळी. म्हणजे गर्मी नळीत अडकली? मी नळीला हात लावला. नळी आपली नळीसारखी. माझं डोकं तेवढं गरम होतं.

एवढ्यात खोलीतून हिरालाल ओरडला. तो आरशासमोर केस विंचरायला गेला होता. त्या आरशाच्या समोरच्या भिंतीवर माझा प्रिंट.

"जानराव! अरे, पढ़ा जा रहा है! सब पढ़ा जा रहा है!"

धावत गेलो. हिरालालचा कंगवा केसांतच अडकलेला, आणि बोट आरशाकडे. "ये देखो, दोम! दोम मतलब घर! ये लिखा है ज़मीन! कागज पे एक अक्षर समझ में नहीं आता था, आईने में सब साफ है!"

मंडळी, माझ्या डोळ्यांसमोर प्रिंटरूम उभी राहिली. त्या दिवशीची घाई उभी राहिली. पारदर्शक कागद मी काचेवर पालथा ठेवला होता! अख्खा नकाशा उलटा छापला होता! ट्रेसर होऊन पहिल्या आठवड्यातलं पोरही ही चूक करत नाही, कारण अक्षरं उलटी दिसतात. पण ही अक्षरं रशियन! डावं उजवं झालं होतं, उजवं डावं. खोलीची तोंडं खड्ड्याला, खड्ड्याची तोंडं खोलीला. माझा हमाल कालपासून जमिनीतल्या ट्रंका उचलून माझ्या घरात आणून टाकत होता!

पण तरीही एक गोष्ट जुळेना. यंत्र उलटं, तर आत्ता खोली तापायला हवी. ती का तापत नाही?

त्याचा विचार पुरा होण्याआधीच कुंपणाशी सायकलची घंटा वाजली. टाउनशिप ऑफिसचे शामसुंदर बाबू! सुटीच्या दिवशी! हातात वही.

"आपके यहाँ कुआँ खोदा गया है, ऐसी शिकायत है. तेल निकला है, ऐसी भी शिकायत है. गड्ढा आज के आज बंद होना चाहिए."

आज बुजवायचा! आणि बाबा त्यात बसलेले! बाबांना पुन्हा त्या खोलीत बसवायचं म्हणजे उद्याची गाडी ठरलेली. मला एकदम वाचा फुटली. चूक तर झालीच होती, पण चुकीतूनही इज्जत काढता येते की नाही?

"बाबूजी, ये गड्ढा नहीं, प्रयोग है! रशियन यंत्र है! हमने जानबूझकर, मतलब विचार करून, ज़मीनच थंडी केली आहे! ही पेटी या खड्ड्यातली गर्मी क्षणाक्षणाला बाहेर ओढते आहे. बंद केली तर दहा मिनिटांत आत पाय ठेवता येणार नाही!"

शामसुंदर बाबू शिडीनं खाली उतरले. दोन मिनिटांनी खालून, जरा मऊ आवाजात, "ठंडा तो है." मग आणखी दोन मिनिटांनी, "खीर में इलायची है क्या?" वर आले तेव्हा शर्टाची वरची बटणं उघडी होती.

"मशीन दिखाइए."

मी ऐटीत पेटीवरची ताडपत्री बाजूला केली. भिलाईत कारखान्याची घरघर अष्टौप्रहर कानात असते, त्यामुळे मला पेटीचीही घरघर ऐकू येतच होती. बाबूंनी पेटीवर हात ठेवला. मग कान लावला. "ये तो बंद है."

"बंद? शक्यच नाही! बंद असती तर खड्डा..."

"सकाळी नऊ वाजताच तार काढली म्या," रुक्मा म्हणाली. खिरीची वाटी बाबूंच्या हातात देत, अगदी सहज. "मेनबत्त्या वाकल्या तवाच. एका नळीले हात लावला, थे गरम. दुसरीले लावला, थे थंडी. म्हटलं, हे उलटं लागलं. तुमाले सांगाले आले, पन तुमी ताप उतरवून राहिले होते."

कडुलिंबाखालची अख्खी रांग मान वळवून माझ्याकडे पाहू लागली.

"मंग खड्डा थंडा कावून?" मी विचारलं.

उत्तर खालून आलं. बाबांचं डोकं शिडीवर दिसलं. "जान्या, जमीन काय आज थंडी झाली का रे? माह्या बापाचं जमिनीतलं जवारीचं पेव होतं गावात. भर उन्हायात त्यात उतरलो का वर येवाशे वाटे नाई. इथी पाह्यलं, सहा फूट खड्डा, वर ओले पोते. म्हटलं, पोरानं माह्यासाठी पेवच खोदलं! आंधी कंदील सोडून हवा पाह्यली, अन् मंग बसलो."

"म्हणजे यंत्राचा काहीच..."

"यंत्र चांगलं आहे. तेवढं बंद ठेव."

शामसुंदर बाबूंनी वहीत काय लिहिलं ते नंतर कळलं. 'गड्ढा निरीक्षण किया. बरसात के पहले बंद करें.' पुढचे पंधरा दिवस ते रोज दुपारी निरीक्षणाला येत राहिले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बाबांजवळ खाली जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, माफ करा. गेल्या वर्षी गरम खोली, यंदा त्याहून गरम. बाबांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाले, "गेल्या साली मी गर्मीनं नोतो गेलो, बापू. गावात काय बरफ पडते? तू ड्यूटीवर, सुनबाई कामात, अन् सारे दरवाजे बंद. चार दिवस माह्याशी बोलाले मानूस नाई. तुले कसं सांगू? म्हून म्हटलं, गरम होते."

दारं-खिडक्या घट्ट बंद करणारा मीच तर होतो.

"अन् आज?" मी विचारलं.

"आज पोट दुखून राहिलं बोलून बोलून. थो भाऊराव उद्या चार वाजता येतो म्हने. हातोडी आहे का घरात? थो खिया हालते."

मी हातोडी आणली. खिळा पक्का ठोकला. फोटो लागला, आणि तो आजही तिथेच आहे.

खड्डा पावसाआधी बुजवला. पेटी ओसरीत आहे. रुक्मा तिच्यावर पिठाचा डबा ठेवते. परवडते का म्हणून कुणी विचारलं, तर मी सांगतो, डबा ठेवायला फार सोयीची आहे. आता पुन्हा उन्हाळा येतोय आणि सेक्टरमधली माणसं कुंपणाशी येऊन विचारू लागली आहेत की यंदा कधी खोदायचा. शामसुंदर बाबूंनी तर तोंडी परवानगी आधीच देऊन ठेवली आहे. नकाशाही तयार आहे. पण तो या वेळी मला काढू दिलेला नाही. बाबांनी काठीच्या टोकानं अंगणातल्या मातीवर काढलाय, म्हणजे कुणाला पालथा छापता येऊ नये!